छोट्या तळ्यातली मरळ: ल्युअर कोणता, टाकायचा कुठे, ओढायचा कसा

एक-दोन एकरांच्या पाझर तलावात किंवा गावतळ्यात ल्युअरने, म्हणजे नकली आमिषाने, मरळ धरायची असेल, तर ल्युअरचा डबा उघडण्याआधी पाच मिनिटं पाण्याकडे बघत उभं राहा. वर शेवाळ किती दाट आहे, कमळाची पानं एकमेकांवर चढली आहेत की मधे फटी आहेत, बेशरमाची झुडपं पाण्यात किती आत उतरली आहेत, काठ कुठे मोकळा आहे, हे सगळं बघून घ्या. ल्युअर ठरतो तो यावरून. रंग, कंपनी आणि किंमत या गोष्टी त्यानंतरच्या. जो ल्युअर त्या झाडोऱ्यातून न अडकता निघतो आणि मरळीच्या तोंडापुढून जातो, तोच त्या तळ्यातला चांगला ल्युअर.

अमेरिकेत छोट्या तळ्यांतल्या लार्जमाउथ बास या शिकारी माशासाठी पोकळ रबरी फ्रॉग (बेडकाच्या आकाराचा ल्युअर), ब्रेडेड लाइन (विणलेला दोरा) आणि ताठ रॉड (दांडी) अशी जोडी रूढ झाली. तीच जोडी आपल्याकडे मरळीला चालते, कारण दोन्ही मासे काठालगतच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि डोक्यावरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतात. पण बासची पद्धत जशीच्या तशी उचलली तर मरळी निसटतात. मरळीचा जबडा कडक असतो, दात टोकदार असतात, आणि पळणाऱ्या भक्ष्यामागे ती बासपेक्षा जास्त चिकाटीने जाते. शिवाय ती हवेतला श्वास घेते, म्हणजे तिला अधूनमधून वर यावंच लागतं. गळवाल्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

आधी परवानगी

गावोगावचे बरेचसे तलाव मच्छिमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यातल्या माशांवर त्या माणसांचं घर चालतं. ग्रामपंचायतीत किंवा तलावावरच्या राखणदाराकडे विचारल्याशिवाय दांडी काढू नका. ‘फक्त मरळ धरतो, रोहू-कटल्याला हात लावत नाही, धरलेली सोडतो’ असं स्पष्ट सांगितलं तर बोलणं सोपं जातं. मरळ त्यांच्या बोटुकल्या (बोटभर पिल्लं) खाते हे त्यांनाही ठाऊक असतं.

प्लास्टिकचं अस्तर असलेल्या शेततळ्यात मात्र ल्युअर टाकूच नका. साधारण ५०० मायक्रॉनच्या त्या कागदाला एक हुक रुतला की गळती सुरू होते आणि शेतकऱ्याचं उन्हाळ्याचं पाणी जातं. त्याच्या उतारावर पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. दोरी किंवा ट्यूब नसलेल्या शेततळ्याच्या काठावर जाणंही धोक्याचं आहे. तसंही बिनआडोशाच्या त्या पाण्यात मरळ शोधायला जाण्यात अर्थ नसतो.

मरळ कुठे असते

१९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांतून झालेले पाझर तलाव साधारण एकाच ठेवणीचे आहेत. एका बाजूला मातीचा बांध, त्याला आतून दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर), कोपऱ्यात सांडवा, आणि समोर ओढा जिथून येतो तिथे पसरट, उथळ पाणी. या उथळ शेपटाकडून सुरुवात करा. गुडघाभर ते मांडीभर पाणी, वर वनस्पती, खाली गाळ, अशी जागा मरळीला आवडते. दुसरी जागा पिचिंगची. तिथे दगडांच्या कपारींतून चिलापीची पिल्लं फिरतात आणि त्यांच्यामागे मरळ काठापासून हातभर अंतरावर येते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या बोड्या (छोटी तळी) आणि माजी मालगुजारी (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या) तलावांत कमळ आणि शिंगाडा असतो. तिथे पानांच्या आतल्या मोकळ्या खिडक्या आणि पानांची बाहेरची कड या दोन जागा धरायच्या. शिंगाड्याची लागवड असेल तर त्या वाफ्यात ल्युअर नको, वेल तुटतात.

मरळ वर येऊन हवा घेते तेव्हा ‘गप्’ असा आवाज होतो, वर्तुळ उठतं आणि मागे दोन-चार बुडबुडे राहतात. लहान बुडबुड्यांची लांब रांग दिसली तर तो बहुतेक गाळ उकरणारा दुसरा मासा असतो. मरळीचं वर्तुळ एकटं असतं. ते दिसलं की लगेच त्यावरच ल्युअर आदळू नका. ती कुठल्या दिशेला वळली ते बघा, त्या दिशेला एक-दोन मीटर पुढे टाका आणि तिच्या वाटेवर आडवा ओढा. नाहीच घेतला तर जागा लक्षात ठेवा; काही मिनिटांनी ती जवळपासच पुन्हा वर येते.

लव्हाळ्याची एकच काडी वारा नसताना हलली, काठावरचे बारीक मासे एकदम उडाले, शेवाळाला खालून फुगवटा आला, याही खुणाच आहेत.

पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखी थरथर दिसली आणि जवळून बघता लालसर-केशरी पिल्लांचा घोळका असेल, तर तिथून निघून जा. खाली आई-बाप राखण करत असतात आणि घोळक्यावरून जाणाऱ्या कशावरही झडप घालतात. म्हणून ती मरळ धरणं अगदी सोपं असतं, आणि म्हणूनच धरू नये. राखणदार गेला की इतर मासे ती पिल्लं फस्त करतात. छोट्या तळ्यात मोठ्या मरळी मोजक्याच असतात, एक वीण गेली की तळं दोन-तीन वर्षं मागे जातं.

दांडी, रील, लाइन

रॉड साडेसहा ते सात फुटी, मीडियम हेवी, १० ते ३० ग्रॅम वजन फेकणारा घ्या. टोक थोडं नरम आणि बुडखा ताठ हवा. टोक फारच ताठ असेल तर हलका फ्रॉग लांब जात नाही, फार लवचिक असेल तर हुक जबड्यात घुसत नाही. स्पिनिंग रील २५०० किंवा ३००० आकाराचं पुरतं. बेटकास्टरची (दांडीच्या वर बसणाऱ्या, आडव्या फिरकीच्या रीलची) सवय असेल तर मरळीला तोच बरा, कारण ओढ जास्त मिळते.

लाइन ब्रेडेडच हवी, ३० ते ४० पौंडांची. नायलॉनचा तंगूस ताणला जातो. वीस मीटरवर झटका दिला तरी हुकापर्यंत त्यातला थोडाच पोचतो, आणि शेवाळात अडकला की सुटत नाही. ब्रेडेड ताणत नाही, तरंगते आणि कोवळे देठ कापत येते. स्पूलवर (रीलच्या फिरकीवर) आधी आठ-दहा मीटर तंगूस गुंडाळा आणि त्यावर ब्रेडेड चढवा, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर अख्खी लाइन गरगर फिरते आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेकच, सैल आहे असं वाटत राहतं. दाट झाडोऱ्यात लीडर (टोकाला जोडायचा वेगळा दोरा) न लावता सरळ ब्रेडेडला ल्युअर बांधा. स्वच्छ, मोकळ्या पाण्यात ४० पौंडी तंगुसाचा फूटभर लीडर पुरे. प्रत्येक मरळीनंतर शेवटची वीतभर लाइन बोटांत धरून तपासा. खरखरीत लागली तर कापून पुन्हा बांधा.

गाठ पालोमार. पंधरा-वीस सेंटिमीटर लाइन दुहेरी करून ल्युअरच्या डोळ्यातून (लाइन बांधायच्या कडीतून) काढायची, साधी सैल गाठ मारायची, उरलेल्या फासातून अख्खा ल्युअर बाहेर काढायचा, थुंकी लावून ओली करायची आणि दोन्ही पदर धरून सावकाश आवळायची. फ्रॉगसाठी फास मोठा ठेवा, नाहीतर ल्युअर त्यातून जात नाही आणि गाठ पिळवटते. कोरडी आवळलेली ब्रेडेडची गाठ झटक्याला सुटते.

ड्रॅग घट्ट. हाताला लाइन गुंडाळून तो तपासू नका, ब्रेडेड कातडी कापते. जुनं फडकं गुंडाळून ओढा. जोर लावल्यावरच लाइन सुटली पाहिजे.

कोणत्या पाण्यात कोणता ल्युअर

सुरुवातीला तीनच ल्युअर घ्या: एक काळा पोकळ फ्रॉग, एक हिरवट-तपकिरी पांढऱ्या पोटाचा पोकळ फ्रॉग, आणि शेपूट हलवणारे मऊ प्लास्टिकचे मासे, त्यांच्या ऑफसेट हुकांसह (डोळ्याजवळ बाक असलेले हुक).

पोकळ फ्रॉग ५ ते ६ सेंटिमीटर, १० ते १४ ग्रॅमचा असावा. त्याचे दोन्ही हुक पाठीला चिकटून वर तोंड करून असतात, म्हणून तो पानांवरून घसरत येतो. मरळीने चावला की पोकळ अंग दबतं आणि हुक उघडे पडतात. विकत घेताना हेच तपासायचं. अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. सहज दबून हुकांची टोकं वर आली तर घ्या. रबर टणक असेल, जोर लावावा लागत असेल, तर रंग कितीही आवडो, ठेवून द्या. त्याच्यावर झडपा पडतील आणि मासा लागणार नाही.

घरी आणल्यावर तीन कामं करा. पक्कडीने दोन्ही हुकांची टोकं अगदी किंचित, फार तर मिलिमीटर-दीड मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला आणि वर वळवा. जास्त वळवलीत तर प्रत्येक पान अडकेल. मागच्या झालरीचे पाय लांबलचक असतात ते चार-पाच सेंटिमीटरवर कापा, म्हणजे मासा नुसते पाय धरून सोडणार नाही. आणि फ्रॉग पाण्याच्या बादलीत टाकून बघा. पोटावर पालथा पडून हुक वर राहिले पाहिजेत. उलटा पडत असेल तर हुकाच्या भोकातून दोन-तीन ग्रॅमचे शिशाचे छर्रे आत सोडा. वजनामुळे तो लांबही जातो आणि दाट शेवाळावर दाबला जाऊन खाली बसलेल्या मरळीला जाणवतो. नाकाशी हुकाची दांडी बाहेर येते तिथून पाणी शिरत असेल तर रबराला चालणाऱ्या गोंदाचा एक थेंब पुरतो. तरी थोडं पाणी शिरतंच. दर पाच-सहा फेकींनी दाबून काढून टाका, नाहीतर फ्रॉग मागून बुडतो आणि चाल बिघडते.

मागे चकती फिरणारा भरीव रबरी फ्रॉग गढूळ पाण्यात, मोकळ्या पट्ट्यांत चालवायचा. तो थांबवला की बुडतो, सरळ ओढावा लागतो. चकती फिरताना लाइनला पीळ बसतो, म्हणून ल्युअरच्या पुढे हात-दीड हातावर एक चांगला स्विव्हल (फिरती कडी) लावा. खोबणीदार तोंडाचा पॉपर फ्रॉग पानांमधल्या खिडक्यांसाठी: एकदा ‘पच्’ करायचा आणि थांबायचं. बझबेट (पंखा फिरणारा ल्युअर) वाऱ्याने लाटा उठलेल्या, शेवाळ नसलेल्या पाण्यात. शेवाळाचा एक धागा पंख्यात गुंतला की तो मेला.

मऊ माशाकडे बरेचजण दुर्लक्ष करतात, पण मरळ मागे येते आणि वर उसळत नाही तेव्हा तोच उपयोगी पडतो. ९-१० सेंटिमीटरचा मासा, ४/० किंवा ५/० ऑफसेट हुक, वजन शून्य किंवा पोटाला २-३ ग्रॅम. हुकाचं टोक नाकातून अर्धा सेंटिमीटर आत घालून खालून काढायचं, हुक फिरवून सरकवायचा, आणि टोक पाठीच्या खाचेत येईल असं आरपार करून कातडीत किंचित रुतवायचं. मासा सरळ दिसला पाहिजे. जरा वाकडा लागला तरी तो ओढताना गोल फिरतो आणि लाइन पिळतो.

तीन-तीन काट्यांचे ट्रेबल हुक असलेले क्रँकबेट (माशाच्या आकाराचे कडक ल्युअर) मोकळ्या पिचिंगसमोर ठीक. झाडोऱ्यात नाही.

रंगाबद्दल इतकंच: मासा ल्युअर खालून बघतो, तेव्हा पाठीवरची नक्षी आपल्यासाठी आणि पोटाचा रंग त्याच्यासाठी. गढूळ पाणी, पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ दिवस असेल तर काळा, कारण उजेडाविरुद्ध त्याची आकृती ठळक दिसते. निवळ पाणी आणि ऊन असेल तर हिरवट-तपकिरी.

जिवंत बेडूक गळाला लावण्याची जुनी रीत अजून दिसते. ती सोडून द्या. बेडूक शेतातली कीड खातो, आणि रबरी फ्रॉगने काम होतं.

टाकणं आणि ओढणं

काठावरची पावलं मरळीला पाण्यातून कळतात. काठापासून दोन मीटर मागे थांबा, सावली पाण्यावर पडू देऊ नका, आणि पहिली फेक तळ्याच्या मध्याकडे न करता काठाला समांतर करा. बहुतेक नवशिके थेट पाण्याला टेकून उभे राहतात आणि पायाशी बसलेली मरळ पळवून लांब फेकत बसतात.

ल्युअर जागेच्या दीड-दोन मीटर पलीकडे पडू द्या. समोरचा काठ पोचण्यासारखा असेल तर फ्रॉग मातीवर किंवा गवतावर टाकून हळूच पाण्यात उतरवा. खरा बेडूक तसाच येतो. पडल्यावर वर्तुळं विरेपर्यंत थांबा. मग रॉडचं टोक खाली, पाण्याकडे ठेवून मनगटाने लहान-लहान झटके द्या आणि प्रत्येक झटक्यानंतर लाइनला किंचित ढील द्या. ढील दिली की फ्रॉग डावी-उजवीकडे मान टाकत चालतो. लाइन सतत ताठ ठेवली तर तो नुसता सरळ घसरतो.

पानांच्या खिडकीत आला की दोन-तीन सेकंद थांबा, एक बारीक थरथर द्या, पुढे चला. बासला लांब थांबा मानवतो. मरळीच्या बाबतीत, फुगवटा मागे लागलेला दिसत असेल तर थांबू नका. वेग तोच ठेवा किंवा किंचित वाढवा. पळणारं भक्ष्य अचानक थांबलं की ती पुष्कळदा वळून जाते. हा एक बदल केला तरी लागणाऱ्या मरळी वाढतात.

एका जागेवर तीन-चार फेकी पुरेत. छोट्या तळ्यात पाणी पुन्हा पुन्हा ढवळलं की सगळं तळं सावध होतं. अर्ध्या तळ्यावर सकाळी, उरलेल्यावर संध्याकाळी, अशी वाटणी करा.

झडप पडल्यावर

पाणी फुटतं, फ्रॉग दिसेनासा होतो, आणि हात आपोआप वर जातो. बहुतेक मरळी इथेच सुटतात. झडप म्हणजे घास नव्हे. फ्रॉग अजून ओठात असतो, अंग दबलेलं नसतं, झटका दिला तर तो तोंडातून सुटून तुमच्याकडे येतो. मनात ‘एक, दोन’ म्हणा, ढिली लाइन रीलने गोळा करा, माशाचं वजन दांडीवर जाणवलं की मगच दोन्ही हातांनी जोरात मारा. कडक जबड्यात हुक जायला अर्धवट झटका उपयोगाचा नाही. मऊ मासा, बझबेट आणि चकतीवाला फ्रॉग यांना हा नियम नाही, तिथे घास जाणवताच मारायचं.

चुकलीच, तर ल्युअर ओढून काढू नका. जागच्या जागी दोन सेकंद राहू द्या, थरथरवा. नाही आली तर त्याच जागेच्या मीटरभर पलीकडे मऊ मासा टाका. झडपा पडतात पण एकही लागत नाही असं होत राहिलं तर क्रमाने तपासा: घाई होते आहे का, हुकाचं टोक नखावर रुततं का की घसरतं, फ्रॉग टणक आहे का. हे सगळं ठीक असेल तर बहुधा झडपा घालणारे मासे मरळीच्या वीतभर वाढणाऱ्या छोट्या जातींचे आहेत. ल्युअर चार सेंटिमीटरचा करा किंवा जागा बदला.

लागलेल्या मरळीचं डोकं लगेच वर काढा आणि रॉड उंच ठेवून सलग गुंडाळा. तिला एकदा खाली जाऊ दिलं की ती देठांना वेढे घालते. तसं झालंच तर झटके देऊ नका. लाइन ताठ धरून थांबा, ढील न देता दिशा बदला; पुष्कळदा ती स्वतःच पुन्हा हलते. सोडवायला पाण्यात उतरू नका, पाझर तलावाचा गाळ कंबरेपर्यंत ओढतो.

हाताळताना तळवे ओले करा, ओठाला ग्रिपर (मासा धरायचा चिमटा) लावा, दुसरा हात पोटाखाली. कल्ल्यात बोटं घालू नका. मरळ हातात पिळवटते आणि दात लागतात, म्हणून हुक लांब नाकाच्या पक्कडीनेच काढा. बार्ब (हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा) आधीच दाबून ठेवला असेल तर हे काम झटकन होतं. ती ओलसर राहिली तर पाण्याबाहेर बराच वेळ जगते, पण तापलेल्या दगडावर ठेवली की अंगावरची बुळबुळ जाते आणि जखमेत बुरशी धरते. ओल्या गवतावर ठेवा.

कधी

फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत पाणी उतरतं, मासे गोळा होतात, हा सर्वांत चांगला काळ. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. भर दुपारी मरळ जलपर्णीच्या जाड थराखाली सावलीला बसते. तिथे छर्रे भरलेला जड फ्रॉग अगदी सावकाश ओढा. जून ते ऑगस्ट विणीचा काळ, दांडी घरी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी पसरलेलं असतं आणि मासा विखुरलेला, तेव्हा चालावं जास्त लागतं. थंडीत दहा ते तीन, ऊन पडलेल्या उथळ कडेला, मऊ मासा आणि संथ ओढ.

पायात घोट्यावर येणारे बूट घाला आणि गवतात पुढे काठी आपटत चला. पाण्यातला दिवड बिनविषारी, पण काठच्या गवतात घोणस असते. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग गडगडायला लागले की कार्बनचा रॉड लगेच खाली ठेवून उघड्या बांधावरून दूर व्हा, त्यातून वीज वाहते.

घरी आल्यावर फ्रॉग दाबून सगळं पाणी काढा आणि सावलीत उघड्यावर वाळवा, ओला डब्यात टाकला तर दोन दिवसांत हुकांना गंज चढतो. मऊ प्लास्टिकचे मासे त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवा. फ्रॉगच्या डब्यात टाकले की उन्हाळ्यात दोन्ही एकमेकांना चिकटून वितळतात.